आखाती पगार, थकलेलं जुनं कर्ज आणि पाथर्डी फाट्यावरचा फ्लॅट

पत्र : आम्ही नाशिकला सिडकोत भाड्यानं राहतो. मी खासगी शाळेत शिकवते, पगार २४ हजार. मिस्टर शारजाहला एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर आहेत, त्यांना ६,५०० दिरहम मिळतात. त्याआधी अंबडला त्यांचं स्वतःचं जॉबवर्कचं वर्कशॉप होतं. नोटाबंदीनंतर कामं आटली, हप्ते थकले, बँकेनं मशिनं नेली. २०२०च्या मार्चमध्ये सेटलमेंट झाली. एका पतसंस्थेचंही कर्ज होतं, त्याला सासरे आणि आमचे एक शेजारी जामीन होते. त्याचं पुढे काय झालं ते मला नीट माहीत नाही. मिस्टरांनी तेव्हा दिवाळखोरीसाठी एका वकिलाकडे कागदही दिले होते. आता पाथर्डी फाट्याला ५२ लाखांचा टू बीएचके पाहिलाय. बिल्डर म्हणतो, सिंहस्थाआधी बुक करा, नंतर भाव वाढेल. एक एजंट ४० हजारांत सिबिल साफ करून देतो म्हणतोय. दीर म्हणतात, कर्ज तुमच्या एकटीच्या नावावर काढा, दादाचं नावच नको. सात वर्षं झाली की जुनं आपोआप पुसलं जातं, असंही ऐकलंय. आम्हाला कर्ज मिळेल का? लोकांची नजर चुकवत गल्लीतून जायचो, ते दिवस पुन्हा नकोत.

उत्तर : ताई, कर्ज मिळू शकतं. मात्र आज अर्ज टाकलात तर बहुधा नाकारला जाईल, आणि त्या अर्जाची चौकशी म्हणून नोंद मिस्टरांच्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे कर्ज आणि परतफेडीच्या नोंदींवर (लोक ज्याला ‘सिबिल’ म्हणतात), राहील. एकीकडे नाही म्हणाले म्हणून लगेच दुसरीकडे, तिसरीकडे अर्ज करत सुटलात तर प्रत्येक नवी बँक त्या नोंदी मोजते. म्हणून आधी एवढंच करा : बिल्डरला टोकन देऊ नका. सिंहस्थ २०२७चा आहे हे खरं, आणि त्या नावानं सध्या गावभर फ्लॅट विकले जातायत हेही खरं. पण कर्ज मंजूर नसताना दिलेलं टोकन परत मिळवायला किती चपला झिजवाव्या लागतात, ते मी बँकेच्या कर्ज विभागात पंचवीस वर्षं काढताना पुष्कळ पाहिलंय.

पत्रात तुम्ही ‘दिवाळखोरी’ हा शब्द सहज लिहून गेलात. सगळ्यात आधी त्याचाच सोक्षमोक्ष लावायला हवा. आपल्याकडे धंदा बुडाला की ‘दिवाळं निघालं’ म्हणतात, पण कायद्यातली दिवाळखोरी वेगळी. कोर्टात अर्ज करून, कोर्टानं माणसाला ‘नादार’ घोषित केलं, तरच ती. तुमच्या मिस्टरांसारख्या एकट्याच्या धंद्याला नाशिकमध्ये त्यासाठी अजूनही १९२०चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो. २०१६च्या नव्या दिवाळखोरी कायद्याचं नाव सगळे घेतात, पण व्यक्तींसाठीचा त्याचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरता लागू झाला. स्वतःच्या नावावर वर्कशॉप चालवणारा माणूस त्यात येत नाही.

वकिलाकडे कागद दिले होते, म्हणजे अर्ज दाखल झाला होता की नाही? आज फोनवर मिस्टरांना हे विचारा. त्यांना खात्री नसेल तर ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर नाशिक जिल्हा निवडून त्यांच्या नावानं शोधा, किंवा सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जाऊन चौकशी करा. दाखलच झाला नसेल तर हा विषय इथेच संपतो, आणि बँकेच्या फॉर्मवर ‘कधी नादार घोषित झालात का’ याला तुम्ही मोकळ्या मनानं ‘नाही’ लिहू शकता. झाला असेल आणि मिस्टर नादार घोषित झाले असतील, तर पुढचा प्रश्न मुक्ततेच्या हुकमाचा, म्हणजे कोर्टानं नादारीतून मोकळं केल्याच्या हुकमाचा. तो हुकूम नसेल तर माणूस कायद्यानं अजून नादारच. अशा माणसानं आपली स्थिती न सांगता पन्नास रुपयांपासून पुढे कितीही उधारी घेतली तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आकडा १९२०चा आहे म्हणून पन्नास रुपये, पण कलम आजही पुस्तकात आहे. तसं असेल तर गृहकर्जाच्या आधी वकील गाठायचा आणि मुक्ततेचा अर्ज करायचा. त्याच शोधात चेक न वटल्याचा एखादा जुना खटला निघतो का तेही पाहा. धंदा बुडतो तेव्हा पुढच्या तारखांचे चेक बऱ्याच जणांकडे पडलेले असतात, आणि माणूस परदेशी गेला की समन्स जुन्या पत्त्यावर जात राहतात.

आता पतसंस्था. तुम्ही तिच्याबद्दल दोन ओळींत लिहिलंत, पण माझ्या मते तुमचं सगळं प्रकरण इथंच अडकू शकतं. पतसंस्थेचं थकलेलं कर्ज सिबिलमध्ये दिसेलच असं नाही, म्हणून लोकांना वाटतं ते गेलं. ते जात नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली पतसंस्था सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुलीचा दाखला घेते. असा दाखला एकदा मिळाला की वसुली अधिकारी कर्जदाराची जंगम-स्थावर मालमत्ता जप्त करू शकतो, जामीनदाराचीही. म्हणजे मिस्टरांच्या नावावर नाशिकमध्ये फ्लॅट झाला, आणि त्यांच्या नावानं १०१चा जुना दाखला पडून असला, तर त्या फ्लॅटवर जप्तीचा बोजा चढू शकतो.

त्या शेजाऱ्यांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा. आधी पतसंस्थेत नको, आधी त्यांच्याकडे. जामीन राहिलेल्या माणसानं मधल्या वर्षांत गुपचूप पैसे भरलेले असतात आणि भिडेपोटी तो बोलत नाही, असं मी अनेकदा पाहिलंय. तसं असेल तर बँकेचं कर्ज आणि नवं घर यांच्याआधी त्यांचे पैसे. हे मी सल्ला म्हणून कमी आणि तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यासाठी जास्त लिहितेय. ज्या गल्लीतून नजर चुकवत जावं लागत होतं, त्या गल्लीत तेही राहतात. त्यांना भेटल्यावर मग पतसंस्थेत जाऊन खातेउतारा मागा, किती बाकी आहे ते लेखी घ्या. एकरकमी परतफेडीची सवलत योजना चालू असेल तर व्याजात सूट मिळते. भरल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र घ्या, आणि १०१चा दाखला निघालेला असेल तर वसुली पूर्ण झाल्याचं पत्रही घ्या. दोन्ही कागदांवर जामीनदारांची नावं यायला हवीत, म्हणजे तेही मोकळे होतात.

बँकेच्या सेटलमेंटचं सांगते. रिपोर्टमध्ये जुन्या कर्जासमोर बहुधा तीनपैकी एक शब्द असतो. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेडलं. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेनं काही रक्कम सोडून मिटवलं. ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेनं बुडीत धरलं, पण मागणं सोडलेलं नाही. तुमची सेटलमेंट झाली आहे, तरी रिपोर्टमध्ये ‘रिटन ऑफ’ असू शकतं, आणि त्यापुढे थकबाकीचा आकडाही उभा असू शकतो. मला तशी शंका येण्याचं कारण तुमची तारीख. १ एप्रिल २०२०ला सरकारी बँकांचं मोठं विलीनीकरण झालं. सिंडिकेट कॅनरात गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. तुमची बँक यांतली असेल तर मार्चमधला शेवटचा भरणा आणि एप्रिलमधली नवी बँक यांच्यामध्ये नोंद राहून गेलेली असू शकते.

माझ्या टेबलासमोर एकदा सातपूरचे एक गृहस्थ आले होते. त्यांचं ‘रिटन ऑफ’ दिसत होतं, आणि ते शपथेवर सांगत होते की सगळं भरलंय, पावती आहे. दुसऱ्या दिवशी पावती घेऊन आले. थर्मल कागदाची होती. देवघराच्या खणात, अगरबत्तीच्या पुड्याखाली त्यांनी ती आठ वर्षं जपली होती. कागद पिवळा पडला होता आणि त्यावर एकही अक्षर उरलेलं नव्हतं. मी ट्यूबलाइटखाली तिरपा धरून पाहिला, खिडकीपाशी नेऊन पाहिला, काही नाही. गृहस्थ माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांची जुनी शाखा बंद होऊन खाती दुसरीकडे गेलेली, तिथून जुना खातेउतारा मिळवायला त्यांना चार महिने लागले. पैसे भरलेले असूनही. तुमच्या घरी मार्च २०२०ची पावती असेल तर ती आजच स्कॅन करा आणि छापून ठेवा. सेटलमेंटचं मंजुरीपत्र, शेवटच्या भरण्याची पावती, नो ड्यूज आणि त्या कर्जखात्याचा उतारा हे चार कागद तुमच्या फायलीत पहिले लागले पाहिजेत.

रिपोर्ट मागवायला पैसे लागत नाहीत. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मिस्टरांनी शारजाहहून स्वतःच्या पॅनवर चारही काढावेत. कारण चारही ठिकाणी एकच लिहिलेलं असेल असं नाही, आणि तुमची बँक कुठला पाहील ते आधी कळत नाही. चूक दिसली तर ऑनलाइन तक्रार करायची, तीही फुकट. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून त्या एजंटला ४० हजार देऊ नका. चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकता, आणि खरी नोंद त्याला काय कुणालाच पुसता येत नाही. उलट मिस्टरांचं पॅन, आधार आणि ओटीपी त्याच्या हातात जाईल, ते वेगळंच.

सात वर्षांचं ऐकलेलं अर्धं खरं आहे. क्रेडिट कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं जपायची, असा नियम आहे. ‘किमान’ हा शब्द सांगणाऱ्यानं गाळला. आठव्या वर्षी पाटी कोरी होते असं धरून बसू नका. त्यापेक्षा त्या बँकेला पत्र लिहून विचारा, की सेटलमेंटमध्ये सोडलेली रक्कम आता भरली तर खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवाल का? लेखी होकार आल्याशिवाय एक रुपया भरू नका. रक्कम तुमच्या आवाक्यातली असेल, तर फ्लॅटच्या स्वतःच्या वाट्यातून पदरमोड करूनही हे आधी करा, असं माझं मत आहे. घर एक वर्ष उशिरा होईल, पण दोन बँका जास्त दारं उघडतील आणि व्याजाचा दरही बरा मिळेल. गेली सहा वर्षं मिस्टरांनी भारतात काही कर्ज घेतलेलंच नाही ना? मग रिपोर्टमध्ये वाईट जुनं आहे आणि चांगलं नवं काहीच नाही. एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातली कमाई जमा करायच्या अनिवासी खात्यात, छोटी एफडी करून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्यावं, महिन्याला मोबाइलचं बिल, विम्याचा हप्ता एवढंच त्यावर टाकावं आणि पूर्ण बिल वेळेवर भरावं. वर्ष-दीड वर्षाच्या अशा शिस्तीनं फरक पडतो.

एनआरई म्हटलं त्यावरून आठवलं. अंबडच्या काळातलं मिस्टरांचं साधं बचत खातं अजून तसंच चालू आहे का? परदेशी राहायला गेलेल्यानं साधं खातं चालवायचं नसतं, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. हा नियम लोक विसरतात आणि कर्जाच्या अर्जाच्या पहिल्याच दिवशी ते उघडं पडतं. तिकडची कमाई आणायला एनआरई, इथलं भाडं वगैरे जमा व्हायला एनआरओ. घराचा हप्ता या दोन्हींतून जाऊ शकतो. आणि तिथल्या कुणा मित्राकडे दिरहम देऊन इथं घरपोच नोटा मिळतात ती पद्धत वापरत असाल, तर आजपासून बंद करा. ते बेकायदा तर आहेच, शिवाय तेवढी कमाई बँकेच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसते.

परदेशी पगारावर कर्ज देताना बँक काय बघते? पगाराचा दाखला, नोकरीचा करार, पासपोर्ट, व्हिसा, एमिरेट्स आयडी, तिथल्या खात्याचं किमान सहा महिन्यांचं स्टेटमेंट ज्यात पगार जमा झालेला दिसतो, आणि इथल्या एनआरई खात्याचा उतारा. शिवाय तिथला क्रेडिट रिपोर्ट, अमिरातीत तो अल एतिहाद क्रेडिट ब्युरो देतो. मिस्टरांनी तिथं गाडीसाठी किंवा कार्डावर उचल केली असेल तर ती त्यात दिसणार. इकडचं जुनं आणि तिकडचं नवं, दोन्ही बँकेला दिसतं हे धरून चाला.

आकड्यांत सांगते. दिरहमला २३ रुपये धरू. बँक पूर्ण ६,५०० धरणार नाही, तिथला राहण्या-खाण्याचा खर्च वजा करेल. समजा २,२०० वजा झाले, तर ४,३०० उरले, म्हणजे सुमारे ९९ हजार रुपये. त्याचा निम्मा हप्ता मंजूर धरला तर ४९ हजारांच्या आसपास. ४० लाखांचं कर्ज, व्याज साडेआठ टक्के धरलं, तर पंधरा वर्षांना हप्ता ३९,४०० येतो आणि वीस वर्षांना ३४,७००. म्हणजे पगार पुरतो. तुमच्या एकटीच्या २४ हजारांवर हाच हिशेब केला तर १२ हजारांचा हप्ता बसतो, वीस वर्षांना जेमतेम पावणेचौदा लाखांचं कर्ज. दिरांचा सल्ला इथेच लंगडा पडतो.

आणि त्यात दुसरी अडचण आहे. मिस्टरांचं नाव लपवून, त्यांच्याच पाठवलेल्या पैशांवर हप्ते दाखवायचे, हे ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं झालं. बँकेचा अधिकारी पहिल्या दहा मिनिटांत विचारतो, मिस्टर काय करतात? तिथं तुम्ही अडखळलात की फाइल संपली. त्यापेक्षा तुम्हीच पहिल्या भेटीत सांगा : वर्कशॉप होतं, या या कारणानं बंद पडलं, एवढं कर्ज होतं, हे मिटवल्याचे कागद. एका पानाचं साधं पत्र मिस्टरांच्या सहीनं लावा, तारखा आणि रकमांसकट, रडगाणं न गाता. मी स्वतः अशा फायली मंजुरीसाठी पुढे पाठवल्या आहेत. कर्ज बुडालं होतं म्हणून जेवढ्या फायली नाकारल्या, त्याहून जास्त लपवलेलं सापडलं म्हणून नाकारल्या.

घर तुमच्या नावावर घ्यायचं असेल तर जरूर घ्या, ते वेगळं. मालकी तुमची आणि कर्जात दोघं, असं करता येतं. महाराष्ट्रात फक्त महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तुमच्या ५२ लाखांवर ५२ हजार. पण पतसंस्थेची वसुली चुकवायला म्हणून हे करू नका. ती आधी मिटवा.

रोख किती लागेल? ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि मुद्रांक शुल्क-नोंदणी त्या किमतीत धरत नाही. ५२ लाखांवर तुमचा वाटा किमान १० लाख ४० हजार. वर मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी फी, आणि बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी. बिल्डरच्या ५२ लाखांत जीएसटी धरलाय का, ते लेखी विचारा. सगळं मिळून पंधरा लाखांच्या पुढे जाईल. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्यानं बिल्डरला द्यायच्या रकमेतून एक टक्का कर (टीडीएस) कापून सरकारात भरायची जबाबदारीही तुमची असते. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताबा कधी लिहिलाय तेही बघून घ्या.

दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. रुपया घसरला तर तुमचा हप्ता उलट हलका होतो, तेव्हा त्या काळजीत पडू नका. खरी जोखीम नोकरीची. नोकरी गेली की व्हिसाही धोक्यात येतो आणि हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून सहा हप्त्यांएवढी रक्कम, दोन ते अडीच लाख, एनआरईमध्ये एफडी करून बाजूला ठेवा, आणि ती डाउन पेमेंटमध्ये घालायचा मोह कितीही झाला तरी घालू नका. पंधरा वर्षांची मुदत घेऊन ओढाताण करण्यापेक्षा वीसची घ्या आणि बोनस आला की जादा भरा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर आधी फेडल्याचा दंड बँक लावू शकत नाही.

सह्यांसाठी मिस्टर येऊ शकले तर उत्तम. नाहीतर तुमच्या नावानं मुखत्यारपत्र करावं, पण बँकेनं दिलेल्या मसुद्यातच. ते दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून पाठवावं लागतं, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत इथं त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. ही तीन महिन्यांची मुदत चुकली तर दुय्यम निबंधकाच्या दारातून परत यावं लागतं.

एक सांगायचं राहिलं. पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही पेन्सिलीनं ‘गिरणारे – दहा गुंठे?’ असं लिहून खोडलंय. तो विचार खोडलात तेच बरं केलं. अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, मग ती कितीही स्वस्त मिळो.

शेजाऱ्यांना भेटून झालं, चारही रिपोर्ट हातात आले, की पतसंस्थेच्या उताऱ्याची आणि ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन ऑफ’ लिहिलेल्या पानाची प्रत मला पाठवा. खाते क्रमांक झाकून. बँकेला द्यायच्या त्या एका पानाच्या पत्राचा मसुदा आपण मग मिळून करू.